चाळिशी, माशी आणि लाल ठिपका

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द वयालाही आहे आणि वाचायच्या चष्म्यालाही. कारण दोन्ही बहुधा बरोबरच येतात. वर्तमानपत्र लांब धरावे लागते, सुईत दोरा ओवत नाही. हीच अडचण हातात शस्त्र असलेल्यांनाही येते. श्रावणात भीमाशंकरच्या बंदोबस्तावरचा पोलीस अधिकारी, जुन्नर वनविभागात बिबट्यावर भुलीचा डार्ट सोडणारा कर्मचारी, घोडेगाव-मंचरच्या बँकेच्या दारात उभा असलेला माजी सैनिक, यांतले अनेक जण चाळिशी ओलांडलेले असतात. ‘नेम लागत नाही’ म्हटले की हल्ली त्यांना ‘रेड डॉट’ लावण्याचा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण तो डोळ्यांच्या तपासणीनंतरचा आहे.

पिस्तुलाच्या साध्या नेमात तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि समोरचे लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. म्हणून माशी स्पष्ट आणि लक्ष्य किंचित धूसर, असे शिकवले जाते. माशी असते डोळ्यापासून साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवर. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि नेमके हे अंतर निसटू लागते. बहुपदरी चष्मा असेल तर माशी शोधण्यासाठी मान वर-खाली करावी लागते.

लाल ठिपका ही गरजच काढून टाकतो. एका छोट्या दिव्याचा प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन समांतर किरणांच्या रूपात डोळ्यात शिरतो. त्यामुळे ठिपका काचेवर नव्हे, लांब लक्ष्यावरच असल्यासारखा दिसतो. दूरचे नीट दिसत असेल तर दोन्ही एकदम स्पष्ट. ही कल्पना १९०० साली डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी मांडली. ग्रब घराणे दुर्बिणींसाठी प्रसिद्ध होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची २० इंची दुर्बीणही त्यांच्याच कारखान्यातली. विजेवर चालणारा ठिपका बाजारात आला तो १९७५ मध्ये, स्वीडनमधून.

मात्र हा ठिपका डोळ्याचे दोष दुरुस्त करत नाही. ज्यांच्या चष्म्याला ‘सिलिंडर’ नंबर आहे, म्हणजे ज्यांच्या बुबुळाचा बाक सर्व दिशांना सारखा नाही, त्यांना तो गोल दिसतच नाही. कुणाला स्वल्पविराम दिसतो, कुणाला रेघ, कुणाला द्राक्षांचा घोस. अनेक जण यंत्र खराब म्हणून परत करतात. शस्त्र रिकामे आहे याची खात्री करून, किंवा ठिपक्याचे यंत्र काढून हातात घेऊन, ते हळूच फिरवून पाहावे. आकार यंत्राबरोबर फिरला तर दोष यंत्रात. फिरला नाही तर डोळ्यात. तसे असेल तर प्रकाश कमी करून पाहावा आणि मुख्य म्हणजे चष्म्याचा नंबर नव्याने काढावा.

खरी काळजी आहे ती न जाणवणाऱ्या आजारांची. मोतीबिंदू असेल तर अंधारात ठिपक्याभोवती वलय पसरते आणि लक्ष्यच झाकले जाते. काचबिंदू बाजूची नजर गुपचूप कमी करतो. ठिपका लख्ख दिसतो, पण कडेने येणारे माणूस दिसत नाही. मधुमेहात दृष्टिपटल खराब होते, तेही सुरुवातीला दुखत-खुपत नाही. भीमाशंकरच्या धुक्या-पावसाची अडचण तर वेगळीच. उघड्या रचनेच्या यंत्रात दिव्यासमोर पाण्याचा एक थेंब बसला तरी ठिपका फाटतो किंवा नाहीसा होतो. म्हणून साध्या माशीचा सरावही सोडता येत नाही.

क्रीडा नेमबाजीत तर ही सवलतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिस्तुलाला उघडी माशीच लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्ण त्याच नियमांत मिळवले. डोळ्यांवर योग्य भिंग लावायला मात्र तिथे मुभा आहे. प्रौढ नेमबाज माशीच्या अंतराचा वेगळा नंबर काढून घेतात, तो त्यामुळेच.

नेमक्या इथेच आपली तपासणी अपुरी पडते. सहा मीटरवरचा तक्ता वाचून घेतात, फार तर हातातला मजकूर वाचायला देतात. माशीचे अंतर या दोहोंच्या मधले. ते कुणी तपासत नाही. शस्त्र नियम २०१६ परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, पण ‘६/६’ दृष्टीचा माणूसही हातभर अंतरावर धूसर पाहत असू शकतो. डार्ट बिबट्याच्या मांडीऐवजी पोटात लागला तर जनावर दगावू शकते, आणि चवताळले तर भोवतीच्या गर्दीचे काय होईल हे जुन्नर-आंबेगावकरांना सांगायला नको.

म्हणून पोलीस, वनविभाग आणि सुरक्षा रक्षक नेमणाऱ्या संस्थांनी चाळिशीनंतर दरवर्षी तीन अंतरांवरची नजर, बाजूची नजर, डोळ्यातला दाब आणि दृष्टिपटल तपासून घ्यावे. त्यानंतर ज्याला गरज असेल त्याला ठिपका द्यावा, आणि सरावाला पुरेशा फैरीही. ठिपक्याच्या किमतीच्या मानाने ही तपासणी स्वस्त आहे. आणि तिच्यातून वेळीच सापडलेला काचबिंदू नोकरीबरोबर त्या माणसाची नजरही वाचवू शकतो.