संगणकाची चित्रे : दैव आणि पारख

आलेख-कागदावर १०० घरांचा एक चौरस आखा आणि एक नाणे घ्या. प्रत्येक घरासाठी नाणे उडवा. छापा पडला तर त्या घरात उजवीकडे चढत जाणारा कर्ण काढा. काटा पडला तर उतरत जाणारा. शंभर घरे भरली की भुलभुलैयासारखी एक नक्षी समोर दिसेल. आता सांगा, ही नक्षी कोणी काढली? नाण्याने की तुम्ही?

संगणकाला असाच नियम आणि असेच 'नाणे' देऊन चित्रे काढण्याची कला साठ वर्षांची झाली आहे. १९६५ साली जर्मनीत श्टुटगार्ट येथे गेओर्ग नेस यांच्या अशा चित्रांचे प्रदर्शन झाले. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात बारा-बारा चौरसांच्या बावीस ओळी आहेत. वरचे चौरस शिस्तीत उभे आहेत. खाली यावे तसे ते अधिकाधिक कलंडतात आणि इकडेतिकडे सरकतात. कोणता चौरस किती कलंडणार, हे योगायोगाने ठरले. पण योगायोगाला कोणत्या ओळीत किती मोकळीक द्यायची, हे नेस यांनी ठरवले.

पूर्वी ग्राहक असे चित्र आधी पाही आणि मग विकत घेई. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'आर्ट ब्लॉक्स' या अमेरिकी उपक्रमाने हा क्रम उलटा केला. तेथे कलावंत फक्त प्रोग्रॅम देतो. ग्राहक आधी पैसे भरतो. त्याच्या व्यवहारातून ६४ चिन्हांचा एक संकेतांक तयार होतो. प्रोग्रॅम त्या संकेतांकाचा नाण्यासारखा उपयोग करतो आणि चित्र उमटते. ते कसे निघेल, हे तोवर कलावंतालाही ठाऊक नसते. मात्र तोच संकेतांक पुन्हा दिला तर पुन्हा तेच चित्र मिळते.

कॅनडाचे दिमित्री चेर्नियाक यांनी जानेवारी २०२१ मध्ये खुंट्यांभोवती दोरी गुंडाळण्याचा नियम लिहिला. त्यातून 'रिंगर्स' नावाची १,००० चित्रे निघाली. त्यांपैकी ८७९ क्रमांकाच्या चित्रात लोकांना मान उंचावलेला हंस दिसला! पक्षी काढायचा असे कोणी ठरवले नव्हते. तरी जून २०२३ मध्ये सदबीज् संस्थेच्या न्यूयॉर्कमधील लिलावात ते चित्र सुमारे ६२ लाख डॉलरना गेले.

ज्याच्या वाट्याला असे चित्र प्रथम येते, त्याचे दैव चांगले, एवढेच म्हणता येईल. त्याची पारख चांगली, असे मात्र म्हणता येणार नाही. कारण त्याने काही निवडलेलेच नसते. पारख सुरू होते ती चित्र डोळ्यांसमोर आल्यानंतर.

'पण हे चित्र दुर्मीळ आहे!' असे संग्राहक म्हणतात. आपल्या १०० घरांकडे पुन्हा पाहा. त्यांत होऊ शकणाऱ्या नक्षींची संख्या ३१ अंकी आहे आणि प्रत्येक नक्षीची संभाव्यता अगदी सारखी आहे. शंभरही वेळा छापा पडला तर आपण थक्क होऊ. पण तुमची ती वेडीवाकडी नक्षीही तितकीच दुर्मीळ होती! कशाला दुर्मीळ म्हणायचे, हे आपणच ठरवतो. कधी कलावंतही ते ठरवतो. 'शंभरात एकदाच लाल रंग वापर' असे त्याने प्रोग्रॅममध्ये लिहिले की लाल चित्र दुर्मीळ झाले. तेवढ्याने ते सुंदर झाले का?

मग योगायोगाला कलेतून हाकलावे काय? मुळीच नाही. न पाहता विकण्याच्या या पद्धतीचा एक गुण मला मोठा वाटतो. पूर्वीचा कलावंत फसलेले चित्र फाडून टाकू शके. येथे ती सोय नाही. हजार संकेतांक आले तर हजारही वेळा नियमाला कसोटीस उतरावे लागते. श्रेय द्यायचे ते असा नियम रचणाऱ्याला.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. सर्वांच्या नक्षी नावे न घालता भिंतीवर लावाव्यात आणि प्रत्येकाने आवडलेली एक नक्षी कारणासह वहीत नोंदवावी. नंतर चिठ्ठ्या टाकून नक्षी वाटाव्यात आणि पुन्हा विचारावे, 'आता कोणती आवडते?' हाती आलेलीच अधिक आवडू लागली असेल, तर का, याचा ज्याने त्याने प्रामाणिकपणे विचार करावा.