विश्लेषण : आचोळ्यातून पहिला सिनेमा करायचा, तर घर गहाण ठेवायचे का?

नालासोपारा पूर्वेच्या आचोळे रोडवरून सकाळी शेअर रिक्षाने स्टेशन गाठणाऱ्या गर्दीत सिनेमा-मालिकांच्या सेटवर काम करणारेही असतात. कोणी लाइटमन, कोणी सहायक दिग्दर्शक, कोणी ज्युनिअर आर्टिस्ट. त्यांच्यातल्या काहींच्या बॅगेत डब्याबरोबर स्वतःच्या सिनेमाची पटकथाही असते. दुसऱ्याच्या सेटवर बारा तास राबल्यावर परतीच्या लोकलमध्ये तोच विचार सुरू असतो : आपला सिनेमा कधी? आणि त्याला लागूनच दुसरा : पैसा कुठून? मराठी सिनेमा तिकीटबारीवर धडपडत असताना हा दुसरा प्रश्न एका दिग्दर्शकाचा राहत नाही, त्याच्या सगळ्या घराचा होतो.

आचोळेच का?

कारण साधे आहे, घर परवडते आणि काम लोकलच्या अंतरावर आहे. गोरेगावची चित्रनगरी आणि अंधेरीतली ऑफिसे एकाच लोकलमार्गावर आहेत. नायगाव तर दोनच स्टेशने दूर, तिथे मालिकांचे सेट लागतात. वसईच्या किल्ल्यात हिंदी सिनेमांचे चित्रीकरण होत आले आहे, ‘कोल्डप्ले’च्या २०१६च्या गाण्यातही हा किल्ला दिसतो. म्हणजे मनोरंजनाचा धंदा या परिसरातून माणसे घेतो, लोकेशन घेतो. इथल्या माणसाने स्वतः केलेला सिनेमा पडद्यावर लागणे मात्र वेगळी गोष्ट आहे.

कॅमेरा स्वस्त झाला, मग अडते कुठे?

सिनेमा चित्रित करणे आता तुलनेने सोपे आहे. चांगला मोबाइल फोरके चित्रण करतो. ‘दा विंची रिझॉल्व्ह’सारखे संकलनाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. अडते ते सिनेमा दाखवताना. त्याचे गणित असे.

समजा, तिकीट १५० रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे सुमारे २३ रुपये कराचे, उरले १२७. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा चित्रगृहाचा धरला, तर निर्मात्याच्या बाजूला येतात ६३ रुपये. पुढच्या आठवड्यांत हा वाटा घटत जातो. सिनेमा २५ लाखांत केला असेल, तर फक्त निर्मितीखर्च भरून निघायला सुमारे ४० हजार तिकिटे विकावी लागतात. दोनशे खुर्च्यांच्या पडद्यावर हे जवळपास २०० हाऊसफुल्ल खेळ झाले.

यात वितरकाचे कमिशन नाही, डिजिटल प्रक्षेपणापोटी द्यावी लागणारी व्हर्च्युअल प्रिंट फी नाही, पोस्टर आणि जाहिरात नाही. ज्या सिनेमाला सकाळचा एक खेळ मिळतो आणि शुक्रवारी गर्दी नसली की सोमवारी तोही जातो, त्याने हे २०० खेळ कुठून आणायचे?

सरकारी मदत मिळत नाही का?

मिळते, पण उशिरा. राज्याच्या अर्थसाह्य योजनेत मराठी चित्रपटांचे परीक्षण होऊन ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र हे पैसे सिनेमा पूर्ण झाल्यावरचे आहेत. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचे भाडे आणि युनिटचे जेवण त्यातून भागत नाही. शिवाय दर्जा मिळेलच याची हमी नाही. त्यामुळे ‘सबसिडी आली की फेडू’ या भरवशावर व्याजाने पैसे काढणे हा जुगार ठरतो.

पडद्यांबाबतही नियम आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक केले. पण तो खेळ कोणत्या मराठी सिनेमाला द्यायचा, हे बाजार ठरवतो. एकाच शुक्रवारी दोन-तीन मराठी सिनेमे लागले, की नाव नसलेला मागे पडतो.

फाळक्यांची गोष्ट आपण अर्धीच का सांगतो?

मराठी घरात सिनेमाचे वेड म्हटले की दादासाहेब फाळके आठवतात आणि फाळके म्हटले की सरस्वतीबाईंचे गहाण पडलेले दागिने. सर्वस्व पणाला लावले म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. नव्या दिग्दर्शकाच्या कानात तीच असते आणि घर गहाण टाकताना तीच धीर देते.

पण दागिन्यांच्या आधी एक वाटाणा होता. विमा पॉलिसीवर कर्ज काढून फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा मागवला. परत आल्यावर त्यांनी लगेच मोठा चित्रपट हाती घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि वेल वाढताना ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपली. बी रुजून वेल होईपर्यंतचा तो छोटा चित्रपट त्यांनी भांडवल देऊ शकणाऱ्याला दाखवला. तो पाहून भरवसा बसला. त्यानंतर कर्ज, दागिने आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. फाळक्यांनी धोका पत्करलाच, पण आपल्याला हे काम जमते याचा पुरावा आधी तयार केला. आपण दागिने लक्षात ठेवले, वाटाणा विसरलो.

अलीकडच्यांनी काय केले?

त्यांनीही आधी वाटाणाच पेरला. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट आधी आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि २०१६चा ‘सैराट’ त्यानंतरचे. चैतन्य ताम्हाणे यांनी ‘सिक्स स्ट्रँड्स’ हा लघुपट केला होता, मग ‘कोर्ट’ आला. २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले.

सर्वांत ताजे उदाहरण रोहन परशुराम कानवडे यांचे. मुंबईच्या झोपडपट्टीत वाढलेला, ड्रायव्हरचा मुलगा. शिक्षण इंटिरियर डिझाइनचे, सिनेमा स्वतःच शिकलेला. ‘खिडकी’, ‘उ उषाचा’ असे लघुपट आधी केले. वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दुखवट्याच्या दिवसांतून ‘साबर बोंडं’ची कल्पना सुचली. ती व्हेनिसच्या ‘बिएनाले कॉलेज’सारख्या कार्यशाळेतून घडत गेली. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार या सिनेमाने पटकावला आणि सप्टेंबरमध्ये तो भारतातल्या चित्रगृहांत लागला.

असे यश थोड्यांच्याच वाट्याला येते. ‘कानवडेंना जमले, म्हणजे मलाही जमेल’ असा अर्थ यातून काढू नये. शिकण्यासारखा आहे तो क्रम. आधी लघुपट, मग कार्यशाळा आणि सहनिर्माते, मग मोठा सिनेमा.

आचोळ्यातल्या नवख्याने सुरुवात कुठून करावी?

पहिला सिनेमा दहा-पंधरा मिनिटांचा असावा आणि खर्च बुडाला तरी घराचा हप्ता चुकणार नाही इतकाच. गोष्ट जवळची असावी. आचोळ्याचा तलाव, चाळीतले पाणी, विरार लोकलचा दरवाजा हे लोकेशन फुकट नसले, तरी ओळखीचे आहे. परवानगी लागते तिथे ती लेखी घ्यावी.

आवाजावर पैसे खर्च करावेत. थोडे हललेले दृश्य प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारा संवाद नाही. पटकथेची नोंदणी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन होते. मित्रांबरोबर काम असले तरी पैसा, श्रेयनामावली आणि हक्क यांचा एक पानाचा करार करावा. गाजलेले गाणे परवानगीशिवाय वापरू नये, पुढे त्यावरच सगळे अडते.

लघुपट तयार झाला, की लगेच यूट्यूबवर टाकू नये. आधी ऑनलाइन दाखवलेला चित्रपट काही महोत्सव घेत नाहीत. महोत्सवांचे अर्ज आधी, यूट्यूब नंतर. तिकीट लावून किंवा जाहीर खेळ करायचा, तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागते, हेही लक्षात ठेवावे. मोठ्या सिनेमाची पटकथा तयार असेल, तर गोव्यात नोव्हेंबरमध्ये भरणारा एनएफडीसीचा फिल्म बाजार हे सहनिर्माते गाठण्याचे ठिकाण आहे.

जबाबदारी फक्त त्याचीच का?

नाही. नवख्याने जपून पाऊल टाकावे हे खरे, पण पाऊल टाकायला जमीन तर हवी. अर्थसाह्याचा एक भाग पहिल्या सिनेमासाठी, पटकथेच्या टप्प्यावर, हप्त्याहप्त्याने मिळाला, तर व्याजाचा फास सैल होईल. प्राइम टाइमच्या नियमात पहिल्या सिनेमासाठी ठरावीक खेळ राखता येतील.

स्थानिक पातळीवर तर खर्चही फार नाही. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत शाळा-कॉलेजांची सभागृहे आहेत, वसईत तालुका कला-क्रीडा महोत्सवासारखी जुनी परंपरा आहे. महिन्यातून एक संध्याकाळ, एक प्रोजेक्टर आणि या पट्ट्यातल्या मुलांनी केलेले लघुपट एवढ्याने सुरुवात होऊ शकते. आपल्या माणसांसमोर आपला सिनेमा लागला, तर दिग्दर्शकाला चुका कळतात आणि प्रेक्षकाला नवे नाव कळते. मराठी सिनेमाला आज या दोन्हींची टंचाई आहे.

तोवर आचोळ्याच्या त्या सहायक दिग्दर्शकाला आणि त्याच्या घरच्यांना एवढेच सांगता येईल : दागिने कपाटात राहू द्यात. आधी वाटाणा पेरा.