आकाश जनतेचे, तिजोरी मालकांची!



मनोरंजन उद्योगाने शिक्षणासाठी काहीतरी करावे, असे हल्ली सभा-समारंभांत वारंवार ऐकू येते. एखादा नट शाळेला चार संगणक देतो, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि सामाजिक बांधिलकी फिटली असे मानले जाते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हा प्रश्न दानधर्माचा नाही, थकलेल्या देण्याचा आहे.

क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठीच झाला पाहिजे. मग जनतेच्या मालमत्तेवर जनतेच्या मुलांचा हक्क किती?

सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाजगी वाहिन्यांनी रोज ३० मिनिटे सामाजिक महत्त्वाच्या विषयांना द्यायची आहेत. शिक्षण व साक्षरता त्यात पहिल्याच ओळीत आहे. कागदावर हे छान दिसते. पण २०२३ च्या खुलाशाने पळवाटाही दिल्या. तीस मिनिटे सलग नकोत, तुकडे चालतील. चालू कार्यक्रमातला संबंधित भागही जमेस धरता येईल. अनेक विषयांपैकी शिक्षणच घ्या, अशी सक्ती नाही. खेळाच्या थेट प्रक्षेपणाला तर सूटच! आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. याचा केवळ एक टक्का म्हणजे सुमारे ४८४ कोटी. तेवढेही मागायची सरकारची हिंमत नाही.

मालक विचारतात, शिक्षणाचे कार्यक्रम पाहणार कोण? त्यांनी १९७५-७६ चा 'साइट' प्रयोग आठवावा. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे टीव्ही पोचला. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही मिळाले. उपग्रह अमेरिकेचा, एका वर्षासाठी उसना घेतलेला. आज आपले स्वतःचे उपग्रह आहेत. कमी आहे ती इच्छेची.

चित्रपटांचेही तेच. बिहारमध्ये २०१९ साली 'सुपर ३०' करमुक्त झाला. गरीब मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांची गोष्ट लोकांनी स्वस्तात पाहिली, याला आमची हरकत नाही. पण पडद्यावरच्या मास्तरला करमाफी आणि शाळेतल्या मास्तरची जागा रिकामी, हा कुठला न्याय?

एक इशारा मात्र दिला पाहिजे. टीव्ही शिक्षकाच्या मदतीला यावा, त्याच्या जागी नव्हे. २०२० साली शाळा बंद असताना 'एक इयत्ता, एक वाहिनी' ही योजना जाहीर झाली. योजना वाईट नव्हती. पण मुले तीन, इयत्ता तीन आणि टीव्ही एक, अशा गँगमनच्या खोलीत तिचा उपयोग किती? कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. ते देणे वाहिन्यांच्या आडोशाने बुडवू देणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या :

१) रोजची ३० मिनिटे सलग व संध्याकाळी ७ ते ९ या वेळेतच हवीत. त्यांतले किमान दोन दिवस शिक्षणासाठी राखून ठेवा.

२) खेळांच्या प्रक्षेपण हक्कांच्या प्रत्येक करारावर एक टक्का शिक्षण-वर्गणी लावा आणि ती थेट सरकारी शाळांना द्या.

३) जेवढी करमाफी चित्रपटाला, तेवढीच रक्कम त्या राज्यातील सरकारी शाळांना द्या.

४) कार्यक्रम शिक्षकांना योग्य मोबदला देऊन त्यांच्याकडून तयार करून घ्या. त्या नावाखाली शिक्षकांचे एकही पद कमी करू नका.

प्रत्येक शाखेने सर्वसाधारण सभेत हा ठराव मंजूर करून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि आपल्या खासदाराकडे पाठवावा. शिक्षक संघटनांनाही बरोबर घ्यावे. आपल्या मुलांच्या शाळेसाठी आपण भांडलो नाही, तर दुसरे कोणी भांडणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!