वनस्पतीचें औषध म्हणजे निर्धोक औषध काय ?

सन २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत ‘कोल्ड्रिफ’ नांवाच्या खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक कोवळीं मुलें दगावलीं, ही गोष्ट आमच्या वाचकांच्या स्मरणांतून अद्याप गेली नसेल. छिंदवाड्याची सीमा नागपुराशीं भिडलेली असल्यामुळें त्यांपैकीं कित्येक मुलांनीं अखेरचा श्वास नागपुरच्या रुग्णालयांत घेतला. तेव्हां हें संकट परप्रांतांतलें, आपला त्याशीं काय संबंध, असें म्हणून महाराष्ट्रास हात झटकतां येत नाहीं. त्याच वेळीं केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालकांनीं असा इशारा दिला कीं, दोन वर्षांखालील मुलांस सर्दी-खोकल्याचीं औषधें देऊंच नयेत, आणि पांच वर्षांखालील मुलांसही तीं सामान्यतः देऊं नयेत. इशारा योग्य होता. परंतु लोकांनीं त्यांतून जो निष्कर्ष काढला तो आम्हांस योग्य वाटत नाहीं, व त्याचाच विचार आज कर्तव्य आहे.

ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून डोंबिवलीच्या फडके रस्त्यापर्यंत कोणत्याही औषधाच्या दुकानीं घटकाभर उभें राहिलें असतां एक संवाद हटकून कानीं पडतो. मूल खोकतें आहे, आई म्हणते, “तें डॉक्टरी नको, आयुर्वेदिक द्या”. आणि दुकानदार हिरव्या पानांचें चित्र असलेली बाटली पुढें करतो. मुलाचें वय किती, खोकला कोरडा कीं कफाचा, किती दिवसांचा, अंगांत ताप आहे कीं नाहीं, यांपैकीं एकही प्रश्न विचारला जात नाहीं. ‘वनस्पतीचें’ या एका शब्दांत सगळ्या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं असें विकणारा व घेणारी दोघेंही समजून चालतात.

आतां छिंदवाड्यास विष कोठून आलें तें पाहूं. तामीळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेंत तें औषध तपासलें गेलें तेव्हां त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल नामक द्रव्य शेंकडा ४८.६ इतकें आढळलें. हें द्रव्य कारखान्यांतील कामासाठीं वापरलें जातें. चवीला गोड, आणि मूत्रपिंडाचा घात करणारें. औषधांत त्याचा अंश शेंकडा ०.१ च्या वर असूं नये अशी मर्यादा आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या बाटलींत औषधी म्हणून जे घटक होते त्यांनीं मुलें मेलीं नाहींत. ज्या पातळ द्रव्यांत ते घटक विरघळविले होते त्यानें मेलीं. सन १९३७ मध्यें अमेरिकेंत शंभराहून अधिक माणसें याच विषानें मेलीं, आणि पुढल्याच वर्षीं तेथें औषधांचा कडक कायदा झाला. सन १९८६ मध्यें आमच्या मुंबईंत जे. जे. रुग्णालयांतील चौदा रोगी भेसळीच्या ग्लिसरिनमुळें गेले, व त्याची चौकशी न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें केली. सन २०२२ मध्यें गांबिया देशांतील सुमारें सत्तर मुलांच्या मृत्यूचा संबंध हिंदुस्थानांत तयार झालेल्या सिरपांशीं जोडला गेला. या सर्व प्रकरणांचें मूळ एकच : स्वस्त किंवा दूषित द्रावक आणि त्याची न झालेली तपासणी.

मग ज्या बाटलींत अडुळसा आहे तिला द्रावक लागत नाहीं कीं काय ? साखर टाळण्यासाठीं सॉर्बिटॉल, दाटपणासाठीं ग्लिसरिन, टिकाऊपणासाठीं संरक्षक द्रव्यें, हीं वनस्पतींच्या सिरपांतही पडतात. आणि ग्लिसरिनाचें पिंप कोणत्या पंथाच्या औषधासाठीं उघडलें आहे हें विषास कळत नाहीं. ‘डॉक्टरी’ बाटलीस भिऊन ‘आयुर्वेदिक’ बाटलीकडे धांवणारा मनुष्य बाटलीवरची चिठ्ठी बदलतो, धोका बदलतोच असें नाहीं.

कोणी म्हणेल, आमच्या आजीच्या काढ्यानें कधीं कोणी मेलें काय ? या प्रश्नांत तथ्य आहे व त्याचें उत्तर सरळ दिलें पाहिजे. आजीचा काढा परसांतल्या ओळखीच्या झाडाचा, त्याच दिवशीं उकळलेला, आणि ज्याची प्रकृति ती जन्मापासून जाणते अशा नातवासाठीं असे. कारखान्यांतली बाटली कोणा अनोळखी व्यापाऱ्याच्या पाल्यापासून होते, महिनेच्या महिने टिकावी म्हणून तिच्यांत निराळीं द्रव्यें पडतात, आणि ती कोणाच्या पोटांत जाणार हें करणारास ठाऊक नसतें. आजीची पुण्याई त्या बाटलीच्या खात्यावर जमा करणें हा हिशेब खोटा आहे.

आम्ही आयुर्वेदाचे निंदक नव्हों, हें येथें स्पष्ट सांगणें अवश्य आहे. परकी सत्तेच्या काळांत या विद्येस हिणविलें जात असतां सन १९०७ मध्यें नाशिकास अखिल भारतीय वैद्यसंमेलनाचा पाया घालणारे शंकर दाजी शास्त्री पदे हे महाराष्ट्रीयच होते. अडुळशांतील वासिसिन या द्रव्याच्या अभ्यासांतूनच ब्रोमहेक्झिन हें कफ पातळ करणारें आधुनिक औषध निघालें. ज्या झाडास आमच्या बायका कुंपणाला लावीत आल्या, त्याच्यापुढें पाश्चात्य रसायनशास्त्रासही हात जोडावे लागले. पण अभिमान हा ज्ञानाचा असावा, अज्ञानाचा नसावा. आमच्या शास्त्रानें खोकला हा एकच रोग मानलेला नाहीं. वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज असे पांच कास सांगितले, आणि श्वासरोगाचेही पांच भेद केले. एकाचें औषध दुसऱ्यास द्यावें असें कोणताही संहिताकार म्हणत नाहीं. काश्यपसंहितेंत नवजात बालकाची मात्रा वावडिंगाच्या एका दाण्याएवढी धरून ती महिन्यामहिन्यानें वाढवावी असें सांगितलें आहे. वावडिंगाच्या दाण्यानें मात्रा मोजणाऱ्या शास्त्राच्या नांवावर आम्ही स्वयंपाकघरांतला जो हातीं येईल तो चमचा भरून औषध पाजतों, आणि वर परंपरेचा दाखला देतों !

वनस्पतींचे गुण खरे असतील तर त्यांचे दोषही खरे असलेच पाहिजेत. जें द्रव्य शरीरावर कांहींच करीत नाहीं तेंच केवळ सर्वथा निर्धोक. अडुळशांत गर्भाशयाचें आकुंचन वाढविण्याचा गुण आहे, म्हणून गरोदर स्त्रीनें तो आपल्या मनानें घेऊं नये. ज्येष्ठमध फार दिवस व फार प्रमाणांत घेतलें तर रक्तदाब वाढतो व रक्तांतील पोटॅशियम उतरतें. ज्यांस रक्तदाबाच्या वा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांस हें विशेष जपण्यासारखें आहे. सोमलतेंत एफेड्रिन असतें, त्यानें छातींत धडधड होते. श्वासरोगावरील कनकासवांत धोतरा पडतो. आसवें व अरिष्टें हीं स्वतःच आंबून तयार होत असल्यामुळें त्यांत मद्यार्काचा अंश असतो. तीं लहान मुलांचीं पेयें नव्हत. साध्या पाकांत शेंकडा ६६ भाग साखर असते, ही गोष्ट मधुमेह्यांनीं विसरूं नये. आणि मध कितीही पवित्र असला तरी एक वर्षाच्या आंतील बालकास तो चाटवूं नये. त्यांतील जंतुबीजांनीं तान्ह्या मुलांस बोट्युलिझम हा घातक विकार होऊं शकतो. वर्षावरील मुलांस मात्र खोकल्यावर चमचाभर मध देण्यास आधुनिक वैद्यकाचाही आधार आहे.

वनस्पतीची ओळख हाही एक स्वतंत्र प्रश्न आहे. आमच्याच जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत कातकरी तरुणांनीं वनधन केंद्राच्या द्वारें गुळवेल गोळा करून मोठमोठ्या कारखान्यांस पुरविल्याचें वृत्त सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें, व तें ऐकून आम्हांस समाधान वाटलें. त्याच वर्षीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला कीं, ती वेल खरी गुळवेल होती कीं तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हें त्यांनीं तपासलें नाहीं. वाद कोणाच्याही बाजूनें मिटो. परंतु मंत्रालयाचा आक्षेप खरा मानला तरी त्याचा अर्थ इतकाच होतो कीं, बाजारांत एका वेलीच्या नांवावर दुसरी खपूं शकते. मग गिऱ्हाइकानें कोणावर विश्वास ठेवावा ?

या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें द्यावयाचें असतें. कर्नल चोप्रा यांच्या समितीच्या चौकशीनंतर १९४० चा औषधांचा कायदा झाला. आयुर्वेदिक औषधांसाठीं त्यांत १९६४ सालीं स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. त्यानें दोन वर्ग केले आहेत. एक, मान्य ग्रंथांतील पाठाप्रमाणें केलेलीं औषधें, जसें सितोपलादि चूर्ण किंवा वासावलेह. दुसरा, ग्रंथांतलेच घटक घेऊन कारखानदारानें आपल्या कल्पनेनें केलेलीं मालकीचीं मिश्रणें. दुकानांतील बहुतेक रंगीत बाटल्या या दुसऱ्या वर्गांतल्या आहेत. घटक ग्रंथोक्त असले व विषारी यादींतले नसले म्हणजे अशा मिश्रणास सुरक्षिततेचा निराळा पुरावा सामान्यतः मागितला जात नाहीं. येथें कायद्याची चाळणी मोठ्या भोकांची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. सात वनस्पति एकेकट्या निरुपद्रवी ठरल्या म्हणून त्यांचें सत्त्व एकत्र आटवून द्रावकांत घातल्यावर तें मिश्रणही निरुपद्रवीच राहील, हें अनुमान न्यायालयांत क्षणभर टिकणार नाहीं; मग मुलाच्या पोटाच्या बाबतींत तें कां टिकावें ?

जाहिरातींची कथाही अशीच. क्षय, न्युमोनिया इत्यादि रोग बरे करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे. २०१८ सालीं १७० वा नियम घालून आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीस पूर्वपरवानगी आवश्यक केली. तो नियम २०२४ च्या जुलैंत सरकारनेंच गाळला, सर्वोच्च न्यायालयानें पुढल्याच महिन्यांत त्या गाळण्यास स्थगिती दिली, आणि २०२५ च्या ऑगस्टांत ती स्थगितीही उठली. एक दार लावून उघडलें, एवढेंच याचें फळ. याहून लज्जास्पद गोष्ट दुसरी आहे. गांबियाच्या प्रकरणानंतर १ जून २०२३ पासून परदेशीं जाणारें खोकल्याचें सिरप आधीं नेमलेल्या प्रयोगशाळेंत तपासून मगच जहाजावर चढवावें असा नियम झाला. स्वदेशांतील मुलांसाठीं मात्र तसा नियम त्याबरोबर झाला नाहीं. परक्याच्या मुलास गाळून पाणी आणि आपल्या मुलास गढूळ, हा कोणत्या स्वराज्याचा न्याय ?

सरकार जागें होईपर्यंत गृहस्थानें काय करावें तें थोडक्यांत सांगतों. बाटलीवर परवान्याचा अंक, घाणीचा अंक, मुदतीची तारीख व सर्व घटकांचीं नांवें प्रमाणासह नसतील तर ती घेऊं नये. ‘वैद्यकीय देखरेखीखालीं घ्यावें’ असा इशारा असेल तर तो शोभेचा मजकूर नव्हे. त्यांत विषवर्गांतील द्रव्य आहे असा त्याचा अर्थ आहे. मात्रा झांकणाच्या मापानें द्यावी. दोन निरनिराळीं सिरपें एकाच वेळीं देऊं नयेत, व डॉक्टरास चालू काढा आणि वैद्यास चालू गोळ्या कधीं लपवूं नयेत. मूल एक वर्षाच्या आंतील असून मिनिटास पन्नास किंवा अधिक, अथवा एक ते पांच वर्षांचें असून चाळीस किंवा अधिक श्वास घेत असेल, श्वास घेतांना बरगड्यांखालीं छाती आंत ओढली जात असेल, किंवा दूध सोडलें असेल, तर कोणतेंही सिरप पाजीत न बसतां त्यास तात्काळ रुग्णालयांत न्यावें. औषध दिल्यावर लघवी बंद झाली तर एक घटकाही दवडूं नये. प्रौढाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला तर प्रथम थुंकी तपासावी. क्षयाचा खोकला गोड पाकानें दबतो, बरा होत नाहीं, आणि तोंपर्यंत घरांतील चौघांस लागतो.

अधिकाऱ्यांकडेही आमचें मागणें आहे. अन्न व औषध प्रशासनानें ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील दुकानांतून वनस्पतींच्या सिरपांचे नमुने प्रत्येक हिंवाळ्यापूर्वीं उचलून, द्रावकासह तपासून, निकाल मराठींत प्रसिद्ध करावे. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची व फसव्या जाहिरातींची तक्रार नोंदण्याकरितां २०२५ सालीं ‘आयुष सुरक्षा’ ही व्यवस्था सुरू झाली आहे. पण ती आमच्या गल्लींतील किती वैद्यांस ठाऊक आहे? महापालिकांनीं आपल्या दवाखान्यांतून ती माहिती द्यावी. आणि त्याच महापालिकांनीं हेंही ध्यानांत धरावें कीं, ज्या डोंबिवलींत २०२० सालीं कारखान्यांच्या रंगद्रव्यानें रस्ता गुलाबी झाला, ज्या कल्याणानें आधारवाडीच्या कचऱ्याचा धूर वर्षानुवर्षें गिळला, आणि ज्या ठाण्यांत बांधकामाची धूळ घोडबंदर रस्त्यावर अखंड उडते, तेथील मुलाच्या खोकल्याचें पहिलें औषध स्वच्छ हवा हें आहे. ती बाटलींत मिळत नाहीं व दुकानांत विकत घेतां येत नाहीं. ती करदात्यांनीं मागून घ्यावी लागते.

वैद्यबंधूंस शेवटचा शब्द. आयुर्वेदाची परीक्षा मागणारा तो आयुर्वेदाचा शत्रु, ही समजूत त्यांनीं सोडावी. योग्य योजनेनें विषही औषध होतें व अयोग्य योजनेनें औषधही विष होतें, हें सांगणारा चरक परकी नव्हता. ज्या विद्येनें हें दोन हजार वर्षांपूर्वीं ओळखलें तिला प्रयोगशाळेच्या दिव्याची भीति वाटण्याचें कारण नाहीं. भीति असेल ती तिच्या नांवावर दुकान चालविणारांस. त्या दोघांस वेगळें करण्याचें काम वैद्यांनींच प्रथम हातीं घेतलें, तर जनता त्यांची ऋणी राहील.