कोंबडीचे गणगोत

आपल्या गावांत पक्ष्यांची वर्गवारी फार सोपी आहे. झाडावर बसते ते पाखरू, आणि जमिनीवर दाणे टिपत धावते ते खाण्याचे. कोंबडी, रानकोंबडा, तित्तिर, लावा, मोर, टर्की, सारे एकाच टोपलीत. आमचे मत असे की ही वर्गवारी शेतकऱ्याला महागात पडते. कोण कोणाचा सगा आणि कोण नुसता दिसायला सारखा, हे केवळ पोथीतले ज्ञान नव्हे. आपल्या खुराड्याचे आरोग्य त्यावर अवलंबून आहे आणि आपल्या रानाचेही.

शास्त्रज्ञ या पक्ष्यांना कुक्कुट गणात घालतात. स्वीडनचा लिनियस याने 1758 साली कोंबडी, मोर, टर्की वगैरेंना एका गणात बसवले, आणि तो पाया आजही टिकला आहे. या गणाच्या खुणा आपण रोज पाहतो : जमीन उकरणारे मजबूत पाय व बोथट नखे, आखूड गोलसर पंख, गळ्यात दाणे साठवण्याची पिशवी, आणि खडे गिळून दाणे दळणारा पोटातला मांसल कोठा. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात व स्वतः टिपून खातात. या गणात सुमारे 300 जाती असून त्यांची पाच कुले मानतात. पहिल्या कुलातले पक्षी अंडी उबवीत बसतच नाहीत. ती ढिगाऱ्यात पुरून त्याच्या उबेवर सोडतात. त्यांतला एक आपल्या निकोबार बेटांवर आहे. दुसरे कुल मध्य व दक्षिण अमेरिकेतील झाडांवर राहणाऱ्यांचे, तिसरे आफ्रिकेच्या गिनी कोंबडीचे, चौथे मुख्यतः अमेरिकेतील लाव्यांचे. पाचवे सर्वांत मोठे. त्यात आपली कोंबडी, मोर, तित्तिर, लावा आणि टर्कीही येते.

नावावरून मात्र नाते ठरवू नये. टर्की मूळची मेक्सिकोकडची. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी हिंदुस्थानचे, पोर्तुगीजांनी पेरू देशाचे. म्हणून गोव्यात आजही पेरू म्हटले की फळ की पक्षी, असा घोटाळा होतो. खुद्द लिनियसने तिला जे नाव दिले ते ग्रीक भाषेत गिनी कोंबडीचे! नावे अशी फसवतात. नाते शरीरात असते.

आता हे नाते व्यवहारात कसे उतरते ते पाहू.

पहिली गोष्ट अशी की सग्यांचे रोग सग्यांना लागतात. नाताळासाठी एखादे टर्की घेऊन ते कोंबड्यांतच सोडण्याची चाल काही घरांत आहे. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून एक सूक्ष्म जंतू पसरतो. कोंबडीला तो बहुधा फारसे काही करीत नाही, पण टर्कीचे यकृत सडवतो. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि पक्षी मान टाकतो. जंताची ही अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून कोंबड्या हिंडलेल्या जागेवर टर्की पाळू नये, आणि कोंबड्यांना वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे.

मानमोडीचेही तसेच. हा रोग कोंबडीचा म्हणून ओळखला जातो, पण टर्की, मोर आणि लावा यांनाही तो होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ लसीचा थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीची सुई, हा क्रम पशुवैद्यकाला विचारून पाळावा. बदके मात्र वेगळ्या गणातली, तरी कोंबडीच्या गणाला सर्वांत जवळची. बर्ड फ्लूचा विषाणू ती पुष्कळदा आजारी न दिसता वाहून नेतात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे 2006 साली या रोगाने कोंबडीपालकांचे काय झाले, ते आपण विसरू नये. बदकांचे डबके आणि कोंबड्यांचे पाणी एक असू नये.

दुसरी गोष्ट, दिसते तसे नसते. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांच्या छावणीवर उतरलेले लावे आपण ऐकतो. दूर प्रवास करणारा तो खरा लावा. आपल्याकडेही हिवाळ्यात उतरतो. पण आपल्या बांधावर त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक पक्षी आहे, त्याला मागचे बोट नाही, पायाला तीनच बोटे. शास्त्रज्ञांनी आता त्याला कुरव व पाणकाठच्या पक्ष्यांच्या गणात नेले आहे. त्याच्यात मादी मोठी आणि रंगीत. ती अंडी घालून निघून जाते, आणि नर ती उबवतो. त्या नराला मारले की सारे घरटे गेले. माळावर थव्याने पाण्याला येणाऱ्या पखुर्डीला लोक तित्तिराची बहीण समजतात. ती नात्याने पारव्याच्या जवळची. एका वेळी बहुधा तीनच अंडी घालते. कोंबडीसारखी डझनभर पिल्ले काढणारा पक्षी समजून तिला मारीत गेलो, तर माळ ओसाड व्हायला वेळ लागणार नाही.

तिसरी गोष्ट रानकोंबड्याची. आपल्या खानापूरच्या जंगलात व सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा भारताबाहेर रानात कोठेही नाही. जगातल्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा, हे डार्विनने 1868 साली मांडले आणि ते मुख्यतः खरे ठरले. परंतु 2008 साली असे सिद्ध झाले की कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आला आहे. तुमच्या अंगणातल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत आपल्या घाटाचे रक्त आहे. उद्या एखादा गुण कोंबडीत पुन्हा आणावा लागला, तर तो याच रानातून आणावा लागेल. फासे लावून आपण ते बियाणेच खाऊन टाकीत आहोत.

काहीजण म्हणतात, बापजाद्यांनी खाल्ले, आम्ही का नको? त्यांच्या काळी रान मोठे होते आणि बंदुका थोड्या. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली दुरुस्ती झाल्यापासून या रानपक्ष्यांची हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. मोर तर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी. गुन्ह्याला तुरुंगवास आहे.

मोर शेतातला भुईमूग व पेरलेले बी उकरतात, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि ती ग्रामसभेत व वनखात्यापुढे मांडलीच पाहिजे. पण विषाचे दाणे टाकणे हा उपाय नव्हे. मोर आणि कोंबडी एकाच कुलातली, दोघांची चोच एकाच दाण्यावर पडते. मोरासाठी टाकलेले विष संध्याकाळी आपल्याच खुराड्यात येते.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. टर्की, बदक आणि कोंबडी यांच्या जागा वेगळ्या ठेवा. लस चुकवू नका. रानातली अंडी आणून घरच्या कोंबडीखाली ठेवू नका. कायद्यालाही ते चालत नाही आणि रोगाचीही ने-आण होते. मुलांना फासे करायला शिकवण्याऐवजी पायाची बोटे मोजून पक्षी ओळखायला शिकवा. ज्याला आपल्या कोंबडीचे गणगोत ठाऊक आहे, त्याला खुराडे नीट राखता येईल आणि रानही.