आधी ओवी ऐकू द्या, मग बटणं शिकवा



डिजिटल शिक्षणाची प्रशिक्षणं आपण भरपूर केली. लॉगिन कसं करायचं, क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा, मोबाईल टीव्हीला कसा जोडायचा, हे आता बहुतेकांना जमतं. पण त्यातून जे ऐकू येतं, त्याची वर्गात गोष्ट कशी करायची, यावर प्रशिक्षणात किती वेळ दिला जातो? माझ्या मते खरी उणीव इथेच आहे.

जात्यावरच्या ओव्यांचंच उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या अनेक ओव्या आता 'पारी' या संकेतस्थळावर मूळ आवाजात, मराठी शब्दांसह मोफत ऐकता येतात. एवढा खजिना हाताशी आहे. पण नुसती लिंक ग्रुपवर टाकली, तर वर्गात काहीच घडत नाही.

मग प्रशिक्षणात काय हवं?

१) निवड : सगळ्याच ओव्या तिसरीच्या वर्गासाठी नाहीत. काहींत सासुरवासाचं, मारहाणीचं दुःख आहे. काहींत भावाची वाट पाहणं आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. कोणत्या वयाला कोणती ओवी, हे शिक्षकांनी एकत्र बसून, ऐकून ठरवायला हवं.

२) प्रश्न : एकच ओवी दोनदा ऐकवा. मग विचारा, ही बाई कोणाशी बोलतेय? पहाटे का गातेय? खुंटा म्हणजे काय, जात्यात घास घालणं म्हणजे काय? गिरणी आल्यावर ही गाणी का थांबली? एवढ्यात भाषा आणि परिसर अभ्यास दोन्ही होतात. वीस मिनिटं पुरतात.

३) गोष्ट सांगणं : ओवीमागची बाई शिक्षकाने आपल्या तोंडाने उभी करायची असते. हे सरावाने येतं, पीपीटी बघून येत नाही.

४) घराकडे वळणं : मुलांनी आजीला, शेजारच्या काकूंना एक ओवी किंवा गोष्ट विचारून यावं. घरात बंजारा, भिली, अहिराणी बोलत असतील तर त्याच भाषेत आणावी. एरवी गप्प बसणाऱ्या मुलाकडे त्या दिवशी सांगण्यासारखं काहीतरी असतं! मात्र रेकॉर्डिंग करण्याआधी आजीची परवानगी घ्यायची, तिचं नाव लिहून ठेवायचं आणि न विचारता स्टेटसला टाकायचं नाही. हा डिजिटल शिष्टाचारही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

"अभ्यासक्रमच पुरा होत नाही, हे कधी करायचं?" असं काहीजण म्हणतील. अडचण खरी आहे. पण ऐकणं, बोलणं, प्रश्न विचारणं हाच तर भाषेचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास द्या. एका शिक्षकाने ओवी घेऊन पाठ करून दाखवावा, बाकीच्यांनी त्यावर बोलावं. स्मार्ट टीव्ही नसला तरी एक मोबाईल आणि छोटा स्पीकर चालतो.

पालकहो, तुमचं मूल घरी येऊन जुनी गाणी विचारू लागलं, तर "अभ्यास कर आधी" म्हणू नका. तोच अभ्यास आहे.

जात्यावर दळलेल्या आज्या आता थकल्या आहेत. व्हिडिओ पुढच्या वर्षीही मिळेल, पण आजीला विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं.