आधी नकाशा, मग टीव्ही



कॅम्पर व्हॅनवरील लेखात मोठा टीव्ही आणि छतावरचा राउटर यांना दिलेला अग्रक्रम मला मान्य नाही. लेखक लडाखचा बेत सुचवतात, पण बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे सांगत नाहीत. सिमच बंद, तर राउटर काय कामाचा? जीपीएसला मात्र इंटरनेट लागत नाही. मनालीतच नकाशा डाउनलोड करून ठेवला, की सरचू-पांगच्या ओसाड रस्त्यावरही निळा ठिपका गाडीबरोबर सरकत राहतो. टीव्ही हवाच असेल, तर १२ व्होल्टवर थेट चालणारा घ्यावा. इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाते. आणि नेटवर्क नाही म्हणून सॅटेलाइट फोन न्यायचा विचार असेल, तर तो विनापरवाना बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. एवढं तरी पुढच्या अंकात ठळकपणे छापावं, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक